कपाटातील चित्रे कोणाची? आर्ट थेरपीतील कामाची मालकी आणि जपणूक

तेलखडू (पुणे)

नमस्कार. मी पुण्यात समुपदेशक आहे आणि गेली सहा वर्षे माझ्या कामात आर्ट थेरपीचा, म्हणजे चित्रे व मातीकाम यांच्या आधाराने केल्या जाणाऱ्या उपचाराचा, वापर करते. आठवड्यातले चार दिवस स्वतःच्या खोलीत क्लायंट पाहते आणि दोन दुपारी एका संस्थेच्या बालगृहात मुलींची सत्रे घेते. या काळात एक लोखंडी कपाट आणि त्यावरचे तीन खोके चित्रांनी भरले आहेत. ही चित्रे माझी नाहीत एवढे मला कळते. मात्र ती नेमकी कोणाची, आणि ज्याची आहेत त्याच्या हाती केव्हा व कशी द्यायची, हे प्रशिक्षणातील एका व्याख्यानाच्या शिदोरीवर आता निभत नाही, म्हणून या मंचावर सविस्तर विचारते.

संस्थेला देणगीदारांसाठी नव्या वर्षाची दिनदर्शिका काढायची आहे आणि तिच्यासाठी सत्रांतील बारा चित्रे हवी आहेत. कागद व रंग संस्थेच्या पैशाने आले, मुलींची नावे छापायची नाहीत आणि जमलेला पैसा मुलींवरच खर्च होणार आहे, असे तीन मुद्दे व्यवस्थापकांनी मांडले. एकालाही मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. पहिल्या पानासाठी त्यांनी निवडलेले चित्र असे आहे: निळ्या दाराचे कौलारू घर, शेजारी पाण्याची टाकी, टाकीवर गावाचे नाव, कोपऱ्यात थांबलेली लाल एसटी आणि तिच्या पाटीवर दोन गावांची नावे. घराला पाच खिडक्या आहेत आणि पाचही काळ्या खडूने इतका जोर देऊन भरल्या आहेत की कागद मागच्या बाजूने फुगला आहे. व्यवस्थापकांना त्यातील रंगसंगती आवडली.

खासगी कामातील अडचणी वेगळ्या आहेत. एका चौदा वर्षांच्या मुलीच्या आईला तिची सर्व चित्रे पाहायची आहेत. फी त्या भरतात आणि मुलगी अल्पवयीन आहे. एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी काम संपवून गेले, त्यांची ३८ चित्रे "नेईन कधीतरी" या वाक्यावर माझ्याकडे पडून आहेत. शिवाय माझ्या फोनमध्ये शेकडो चित्रांचे फोटो आहेत. सुपरव्हिजनसाठी, म्हणजे अनुभवी थेरपिस्टबरोबर आपल्या कामाचा आढावा घेण्यासाठी म्हणून, काढलेले हे फोटो आपोआप कुठल्या तरी सर्व्हरवर साठत असतात, हे मला गेल्या महिन्यात कळले. आपण हे सारे कसे हाताळता?

शाडूची माती (ठाणे)

तेलखडूताई, शेजारीण गावाला जाताना आपल्याकडे डबा ठेवून जाते तेव्हा आपण तो उघडत नाही, आल्यागेल्याला दाखवत नाही आणि मागितला की जसाच्या तसा परत देतो. चित्राकडे मी तशीच ठेव म्हणून पाहतो आणि बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात. अमेरिकन आर्ट थेरपी असोसिएशनच्या नीतितत्त्वांचा सूरही हाच आहे. चित्र ही क्लायंटची मालमत्ता आहे. काही ठिकाणी मूळ चित्र किंवा त्याची प्रतिमा उपचारनोंदीचा भाग म्हणून वाजवी काळ ठेवता येते, पण तसे ठेवत असल्यास ते क्लायंटला माहीत असले पाहिजे. आपल्याकडे इतके नेमके लिहिलेले काही नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यातील अनुसूचीत कला व नृत्य थेरपिस्टांचा उल्लेख आला, मात्र कपाटाच्या किल्लीचा प्रश्न अजून आपल्या विवेकावरच सोडलेला आहे.

काम चालू असेपर्यंत चित्रे खोलीतच राहावीत, असा माझा आग्रह असतो आणि पहिल्याच भेटीत मी तो सांगतो. चित्र अर्ध्यात घरी गेले की तेथे कोणीतरी "हे काय काढलंस?" असे विचारते, आणि पुढच्या सत्रात माणूस त्या प्रश्नाला उत्तर म्हणून चित्र काढू लागतो. तरीही कोणी न्यायचेच म्हटले तर मी अडवत नाही. का न्यायचे आहे एवढे विचारतो आणि देतो. फाडायचे म्हटले तर थोडा वेळ मागतो, कारण रागाच्या भरात फाडलेल्या चित्राची पंधरा दिवसांनी चौकशी झालेली मी पाहिली आहे. त्यानंतरही फाडायचे असेल तर ते त्याचे त्याने फाडावे. आपण त्याच्या वतीने फाडू नये.

मागच्या बाजूला पेन्सिलने दिनांक, क्लायंटने स्वतः दिलेले नाव असल्यास ते, आणि चित्राची वरची बाजू कोणती हे लिहावे. आपला अर्थ, निरीक्षण किंवा शंका तिथे कधीही लिहू नये. माझ्या सुरुवातीच्या काळात मी तसे लिहीत असे. एका क्लायंटने शेवटच्या दिवशी चित्र उलटे केले आणि माझ्या अक्षरातील दोन ओळी वाचल्या. त्या ओळींत चुकीचे काही नव्हते, पण पुढचा पाऊण तास आम्ही त्यांच्याबद्दलच बोललो आणि निरोपाचे सत्र तसेच संपले.

साठवणीबद्दल थोडे, कारण आपल्याकडचा पावसाळा कोणाची गय करत नाही. तेलखडू कधीच पूर्ण वाळत नाही. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घातला नाही तर एकाचे आकाश दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटते. प्लास्टिकच्या पिशवीत चित्र बंद करू नये, आतल्या दमटपणाने बुरशी धरते. जाड थरात दिलेला पोस्टर रंग गुंडाळी केली की पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून चित्रे सपाट ठेवावीत. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, गणपतीनंतर एकदा सगळे फोल्डर उघडून वारा द्यावा आणि कसर लागली आहे का ते पाहावे. प्रत्येकाचा फोल्डर स्वतंत्र असावा आणि त्यावर नावाऐवजी क्रमांक असावा. कपाट उघडे असताना समोर बसलेल्या माणसाची नजर कुठे जाते, हे एकदा त्याच्या खुर्चीत बसून बघा.

मातीच्या कामाचा एक अनुभव सांगतो. संबंधित बाईंना विचारूनच लिहितो आहे. त्यांनी शाडूच्या मातीची एक बसलेली आकृती केली होती. ती भाजलेली नव्हती, वर्षभरात तिच्या मानेला तडा गेला. शेवटच्या सत्रात त्यांनी बादलीभर पाणी मागितले आणि आकृती स्वतःच्या हातांनी आत सोडली. आधी गुडघे सुटले, मग खांदे. डोके बराच वेळ तसेच होते. आम्ही दोघे न बोलता पाहत बसलो. नंतर त्यांनी तो गाळ डब्यात भरून घरच्या कुंडीसाठी नेला आणि दारात उभे राहून, मी वर्षापूर्वी काढलेला फोटो पुसायला सांगितले. फोटोला त्यांची लेखी संमती होती. तरी मी तो त्यांच्यासमोर पुसला, आणि "अलीकडे हटवलेले" या कप्प्यातूनही पुसला.

चौदा वर्षांच्या मुलीविषयी: आधी मुलीला विचारा. मी सहसा असे एक सत्र ठेवतो, ज्यात मूल स्वतः फोल्डर उघडून कोणती चित्रे दाखवायची हे ठरवते आणि आईला किंवा वडिलांना त्यानंतर बोलावतो. आईला काम कसे चालले आहे हे कळण्याचा हक्क आहे. तो तुमच्या बोलण्यातून पुरा होऊ शकतो, त्यासाठी प्रत्येक कागद समोर मांडावा लागत नाही. अर्थात मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न दिसत असेल तर हे सारे बाजूला ठेवावे लागते. त्या गृहस्थांना पत्र लिहा, पण पाकिटावर दवाखान्याचे किंवा समुपदेशनाचे नाव नको, आणि मुदत द्यायची तर चांगली तीन महिन्यांची द्या.

पेठेतला वकील (सातारा)

शाडूची माती यांनी ज्याला ठेव म्हटले त्यालाच कायदा निक्षेप म्हणतो. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १४८ पासून तो विषय येतो, आणि कलम १५१ नुसार सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी ठेव सांभाळणाऱ्याने घेतली पाहिजे. म्हणजे बटर पेपर हा नुसता हौसेचा भाग नाही.

व्यवस्थापकांच्या पहिल्या मुद्द्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. कागदाची मालकी एक, चित्रावरील कॉपीराइट दुसरा. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात कलात्मक कृतीची व्याख्या करताना रेखाचित्र व रंगचित्र यांचा समावेश करून, त्यात कलात्मक गुणवत्ता असो वा नसो, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाने ओढलेल्या रेघांनाही तेच संरक्षण आहे. कलम १७ नुसार प्रथम मालक हा कर्ता असतो, आणि हा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. संस्थेने कागद दिला म्हणून छापण्याचा हक्क संस्थेकडे जात नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी व स्वाक्षरीसह करावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. त्यातही अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य ठरतो, हे १९०३ पासून प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) मोहोरी बीबी निकालाने पक्के आहे. म्हणून मुलींकडून एका ओळीवर सह्या घेण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडावा.

वस्तू एकाची आणि कृतीशी निगडित हक्क दुसऱ्याचा, याचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचा खटला. दिल्लीच्या विज्ञान भवनातील त्यांचे भित्तिशिल्प सरकारच्या मालकीचे होते. ते १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले गेले आणि त्याची नासधूस झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ५७ मधील कर्त्याच्या विशेष हक्कांचा आधार घेऊन शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्यास आणि पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. बालगृहातील चित्र आणि विज्ञान भवनातील शिल्प यांची तुलना कोणाला हास्यास्पद वाटेल. कायद्याच्या दृष्टीने ती तशी नाही. तुम्ही फोनवर चित्राचा फोटो काढलात तरी त्यातील मूळ चित्र पुन्हा वापरण्याचा हक्क तुमच्याकडे येत नाही, हेही येथेच नोंदवतो.

"नावे छापणार नाही" हा मुद्दा सर्वांत कच्चा आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मध्ये नाव, पत्ता, शाळा यांबरोबरच ज्यावरून बालकाची ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील उघड करण्यास मनाई आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हे कलम चौकशीच्या व न्यायालयीन कार्यवाहीच्या वृत्तांतापुरते आहे, दिनदर्शिकेला लागू नाही, असा युक्तिवाद मी स्वतः न्यायालयात कदाचित केला असता. पण पाण्याच्या टाकीवर गावाचे नाव असलेले चित्र हजार घरांत पाठवून मग तो युक्तिवाद करण्याची वेळ कोणावर येऊ नये. मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार चालू असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम २४ आहे. रुग्णाचे छायाचित्र किंवा त्याच्याविषयीची अन्य माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही.

सुरक्षिततेचा उल्लेख वर झाला आहे म्हणून आणखी एक. लैंगिक गुन्हा घडल्याचे चित्रावरून आणि त्याबरोबरच्या बोलण्यावरून तुमच्या लक्षात आले, किंवा तो घडण्याची भीती वाटली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. गोपनीयतेचे कारण तेथे चालत नाही. अशा वेळी मूळ चित्र कोणालाही परत देऊ नका आणि त्यावर काहीही लिहू नका. दिनांकासह जसेच्या तसे जपून ठेवा.

तेलखडू (पुणे)

दोघांचेही आभार. वकीलसाहेब, एक शंका राहते. त्या बारा जणींपैकी एकीने मला स्वतः सांगितले, "ताई, माझं चित्र छापा, आणि खाली माझं नाव पण घाला." तिच्या दृष्टीने तिचे नाव लपवणे हाच अन्याय आहे. तिला काय सांगावे?

लीड्सवासी

मी मूळची कोल्हापूरची, इकडे इंग्लंडमध्ये नोंदणीकृत आर्ट सायकोथेरपिस्ट म्हणून काम करते. या देशात ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे, नोंदणी नसताना लावता येत नाही. त्या मुलीचा प्रश्न आमच्या क्षेत्राइतकाच जुना आहे.

हान्स प्रिंत्सहॉर्न या जर्मन डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धानंतर हायडेलबर्ग येथे मनोरुग्णालयांतील रुग्णांची सुमारे ५००० चित्रे व वस्तू जमवल्या आणि १९२२ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. रुग्णांना त्यांनी टोपणनावे दिली. त्यांतील 'पोल' म्हणजे फ्रांत्स कार्ल ब्यूलर. आजारापूर्वी हा माणूस नामवंत लोहारकाम करत असे आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याचे काम लागले होते. १९४० मध्ये नाझींनी ग्राफेनेक येथे त्याची हत्या केली. त्याच राजवटीने या संग्रहातील चित्रे आधुनिक कलेची टवाळी करणाऱ्या फिरत्या प्रदर्शनात टांगली होती. आज संग्रहालय त्याचे खरे नाव लिहिते. टोपणनावाने त्याला झाकले, त्याबरोबर त्याचे कर्तेपणही काढून घेतले गेले. इकडे सरे परगण्यात नेदर्न रुग्णालयात चित्रकार एडवर्ड ॲडमसन यांनी १९४६ पासून रुग्णांसाठी स्टुडिओ चालवला. त्यातून उरलेली पाच हजारांहून अधिक कामे आता लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये आहेत आणि कर्त्यांची नावे जाहीर करावीत की नाहीत हा पेच तेथेही आहे, कारण बहुतेकांना विचारण्याची वेळ निघून गेली आहे.

म्हणून त्या मुलीची इच्छा खरी आहे असे मी मानेन, पण सत्रातील चित्र छापणार नाही. थेरपीच्या खोलीत काढलेले चित्र कोणी पाहणार नाही या भरवशावर काढलेले असते. तिला आणि इतर ज्यांना हौस आहे त्यांना, छापण्यासाठी म्हणून, वेगळ्या दिवशी, वेगळ्या शिक्षिकेकडून चित्रे काढू द्यावीत. सत्रातील फोल्डर त्या वेळी खोलीत नसावेत. छापलेल्या चित्राखाली नाव घालता येईल का, हे तिचे पालक आणि बाल कल्याण समिती यांच्याशी बोलून ठरेल. कदाचित केवळ पहिले नाव चालेल, कदाचित तेही नाही. पण नकार द्यायचा झाला तर तो "तुझ्या भल्यासाठी" एवढ्यावर न उरकता कारणासह तिला सांगावा.

आणखी एक गोष्ट. संमतीपत्रात सुपरव्हिजन, अध्यापन, प्रदर्शन आणि छपाई यांच्यासाठी एकच चौकट ठेवू नका. मी चार स्वतंत्र ओळी ठेवते, आणि काम संपताना चारही पुन्हा विचारते. पहिल्या दिवशी माणसाने अजून एकही चित्र काढलेले नसते; तेव्हा दिलेला होकार कशाला होता हे त्याचे त्यालाही माहीत नसते. फोनविषयी: कामासाठी वेगळा, आपोआप कुठे न साठवणारा कॅमेरा वापरा. सुपरव्हिजनला शक्यतो मूळ चित्रच न्या आणि परत आणा.

निनावी वाचक

मी थेरपिस्ट नाही, मी क्लायंट होते. माझे काम संपल्यावर दीड वर्षाने एका सार्वजनिक कार्यशाळेला सहज गेले असताना समोरच्या पडद्यावर माझे चित्र आले. नाव नव्हते. "एका मध्यमवयीन, घटस्फोटित स्त्रीचे काम" एवढेच म्हटले गेले आणि पुढे त्यातील झाडाच्या मुळांचा अर्थ सांगण्यात आला. अर्थ बहुधा बरोबर होता. शेजारच्या बाईने वहीत झाडाची नक्कल उतरवून घेतली. मी पाणी प्यायला जाते असे सांगून बाहेर पडले आणि परत आत गेले नाही. नंतर विचारले तेव्हा सही केलेला फॉर्म मला दाखवण्यात आला. सही माझीच होती. ज्या आठवड्यात मी ती केली त्या आठवड्यातले मला फारसे काही आठवत नाही.

येथील चर्चा मनापासून चाललेली दिसते, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहिते. तेलखडूताई, ते निळ्या दाराचे घर छापले जाऊ नये म्हणून तुम्ही धडपडत आहात, पण त्या घराचे, खिडक्यांचे आणि फुगलेल्या कागदाचे वर्णन तुम्ही पहिल्याच परिच्छेदांत येथे केले आहे. मला ते आता डोळ्यांसमोर दिसते. त्या मुलीला विचारले होते का?

तेलखडू (पुणे)

नव्हते विचारले. दाराचा रंग मी बदलला होता, टाकीच्या जागी मूळ चित्रात दुसरे काही आहे, आणि असे केले की झाले, असे मी गृहीत धरले होते. खिडक्या मात्र तशाच ठेवल्या, कारण त्यांच्याशिवाय माझा मुद्दा तुम्हाला पटला नसता. म्हणजे मला जे पटवायचे होते त्यासाठी मी त्या खिडक्या वापरल्या. व्यवस्थापकही तेच करत होते, फक्त त्यांचे कारण वेगळे होते.

दिनदर्शिकेसाठी सत्रांतील चित्रे देणार नसल्याचे काल लेखी कळवले आहे आणि वकीलसाहेबांनी सांगितलेली कलमे त्यात घातली आहेत. वेगळ्या चित्रकला वर्गाला व्यवस्थापक तयार आहेत, पण यंदा वेळ पुरणार नाही असे म्हणतात. मी फोनमधील फोटो कमी करायला बसले आहे. निम्मे कोणाचे आहेत हे मला ओळखू आले नाही. त्या गृहस्थांना साध्या पाकिटातून पत्र गेले. आईशी पुढच्या आठवड्यात भेट आहे, त्याआधी मुलीशी.

वरचा माझा परिच्छेद संपादित करण्याची मुदत उलटून गेली आहे. तो काढून टाकावा म्हणून प्रशासकांना आत्ताच निरोप पाठवला आहे. लीड्सवासी, त्या चार ओळींचा मजकूर येथे देता आला तर द्यावा. शाडूची माती, बटर पेपर रीमने मिळतो की सुटा घ्यावा लागतो, तेही कळवावे.